'तरीही'नंतरचा श्वास

त्या ओळीत श्वास घ्यायचाच झाला, तर जागा एकच आहे: 'गेले'च्या नंतर. 'वल्ह्यामागुन वल्हे गेले, काठ तरीही दूर किती.' सिनेमात नायिका ही ओळ एका दमात गाते. ज्यांचा दम तेवढा पुरत नाही ते 'गेले'पाशी थांबतात, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. दादाने श्वास घेतला तो 'तरीही'नंतर. अगदी छोटासा, नाकाने घेतलेला. मग 'दूर किती' म्हटलं आणि हातातली ताटली नळाखाली धरली.

त्याची बहीण, धाकटी, शेजारी उभी राहून धुतलेली भांडी पुसत होती. तिने ताटली घेतली, पुसली, फडताळात ठेवली.

धाकटी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या पेशींमधून एखादी जराशी वेगळी पेशी हेरायची, हे तिचं रोजचं काम. वेगळी दिसली म्हणजे वाईटच असं नसतं, पण दुर्लक्ष करून चालत नाही. ही सवय घरी आल्यावर एप्रनबरोबर खुंटीला अडकवून ठेवता येत नाही.

पहिली शंका आली ती आजाराची. दादाचा दम कमी झालाय का? तीन वर्षांपूर्वी तो बाजारात चक्कर येऊन पडला होता. डॉक्टरांना हृदयात, मेंदूत, कानात कुठेच काही सापडलं नाही, पण त्या दिवसापासून दादा एकटा बाहेर पडेनासा झाला. गर्दी दिसली की त्याचे तळवे ओले व्हायचे. रस्ता ओलांडताना तो धाकटीचं कोपर असं घट्ट धरायचा की नंतर तिथे बोटं उमटलेली दिसायची. मुद्रितं तपासायचं त्याचं काम घरबसल्या होण्यासारखं होतं, म्हणून निभावलं. बाकी सगळं धाकटीवर.

आणि म्हणूनच ती बाईंना उत्तर देत नव्हती. बाई म्हणजे कॉलेजात तिला शिकवलेल्या. दूरच्या एका शहरात त्यांनी संशोधनाची मोठी प्रयोगशाळा उभी केली होती, आणि तिथे त्यांना धाकटी हवी होती. वर्षभर त्या फोन करत होत्या. वर्षभर धाकटी म्हणत होती, "दादाचं काय ते बघते आणि सांगते." गेल्या वेळी बाई म्हणाल्या होत्या, "अगं, तू बघतेस तरी काय इतकं? या महिनाअखेरीला सांग. त्यानंतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल मला."

तर दम. धाकटीने दादाला माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली, मग परत वर ठेवायला लावली. तो कुरकुरला, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" पण त्याला धाप लागली नाही. म्हणजे दम शाबूत होता. शिवाय दम संपला असता तर तो 'गेले'पाशी थांबला असता. 'काठ तरीही' म्हणून झाल्यावर उरतात दोनच शब्द. तिथे कुणाचाही दम संपत नाही. तिथला श्वास शिकलेला असतो.

कुठे शिकला, ते दोन दिवसांनी कळलं. प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरची मुलगी मोबाइलवर काहीतरी बघत होती. ओळखीचे सूर ऐकू आले तशी धाकटीने मान वर केली.

"काय गं ते?"

"ते नवीन संगीत नाटक नाही का, जुन्या सिनेमावरचं? त्याची जाहिरात. ही बघा, गाता गाता कशी धक्क्याच्या पायऱ्या चढते."

नटी पायऱ्या चढत होती. 'काठ तरीही', एक पायरी, श्वास, 'दूर किती'. धाकटीने डबा बंद केला.

जाहिरातीत दादानेही ऐकलं असेल, असं कुणी म्हणेल. पण दादाकडे साधा फोन होता, आणि घरातला टीव्ही बंद पडून कितीतरी काळ लोटला होता. शिवाय वीस वर्षं घोटलेली ओळ एकदा ऐकून बदलत नाही. ती बदलायला पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं.

आणि हाच तो दादा, ज्याने सगळ्यांना शपथ घातली होती!

त्यांची चौघांची मंडळी दर शनिवारी संध्याकाळी दादा-धाकटीच्या घरी जमायची. दादा, धाकटी, निवृत्त भूगोलाचे मास्तर आणि गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करणारी मावशी. सिनेमा चौघांना तोंडपाठ. त्यात नावाड्याची मुलगी पलीकडच्या काठावर नवं आयुष्य सुरू करायला निघते, आणि अर्ध्या नदीतून म्हाताऱ्या बापासाठी नाव मागे फिरवते. तो शेवट आला की मावशी दर वेळी डोळे पुसायची आणि मास्तर दर वेळी चष्मा पुसायचे. अशा सिनेमाचं नाटक होणार आणि त्यात शेवट बदललाय, अशी बातमी पेपरात आली, तेव्हा दादा भडकला. "आपल्यापैकी कुणीही त्या नाटकाच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. कबूल?" तिघांनी कबूल म्हटलं होतं. सगळ्यात आधी धाकटीने.

आता शंकेची पाल चुकचुकली ती थांबेना. दादा घराबाहेर पडतच नाही, तर नाटकाला गेला कधी? आणि कुणाबरोबर? दारामागचे त्याचे बूट तिने उचलून पाहिले. टाचा झिजल्या होत्या. तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत जाण्यायेण्याने इतक्या झिजत नाहीत.

गुरुवारी तिने दुपारनंतरची रजा घेतली. घरी गेली नाही. गल्लीसमोरच्या औषधांच्या दुकानात शिरली आणि खोकल्याच्या बाटल्यांवरची पत्रकं वाचत उभी राहिली. दुकानदार दोनदा म्हणाला, "ताई, खोकला ओला की सुका?" तिसऱ्यांदा विचारायच्या बेतात होता, तेवढ्यात चौकाकडून दादा येताना दिसला.

एकटा. हात खिशात. सिग्नल नव्हता, गाड्या सुसाट येत होत्या. दादा क्षणभर थांबला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, एका टेम्पोला हात दाखवून थांबवलं आणि रमतगमत रस्ता ओलांडून गल्लीत शिरला. ओठ हलत होते. गात होता.

धाकटीचं कोपर एकदम दुखल्यासारखं झालं. तिने सुक्या खोकल्याची बाटली घेतली आणि नेहमीच्या वेळी घरी गेली. दादा खिडकीत बसून मुद्रितं तपासत होता.

"आज कंटाळलास का रे घरात?"

"सवय झालीय," दादा म्हणाला. वर पाहिलंही नाही.

शनिवारी मंडळी जमली. धाकटीने चहा केला आणि आज तोंड मिटून कान उघडे ठेवायचे, असं ठरवलं. मास्तर आल्या आल्या सुरू झाले.

"दादा, आता आपण पेपराला निषेधाचं पत्र धाडलंच पाहिजे. नदी म्हणे कापडाची! दोन माणसं दोन टोकांना धरून हलवतात. भूगोलाच्या माणसाने हे सहन करावं?"

"आणि शाल बघा ना," मावशी म्हणाली. "नावाड्याच्या पोरीच्या शालीला जरीचा काठ! तोही वरून टाचलेला. टाके दिसतात लांबून."

"लांबून म्हणजे किती लांबून, मावशी?" धाकटीने विचारलं.

मावशीने चहाचा घोट घेतला. तो बराच वेळ चालला. "म्हणजे फोटोत. पेपरात आला होता ना फोटो."

पेपरातला फोटो धाकटीने पाहिला होता. काळापांढरा होता आणि अंगठ्याएवढा. त्यात जरीचा काठ दिसायला मावशीला सूक्ष्मदर्शक लागला असता.

"त्या नावेची चाकं तर काय करकरतात!" मास्तर म्हणाले. "ऐन विरहाच्या प्रसंगात कर्रकर्र."

"तेलपाणी केलंय आता त्यांनी," मावशी पटकन म्हणाली आणि जीभ चावली.

दादा जोरात खाकरला. "मुद्दा शेवटाचा आहे. शेवट बदलायचा अधिकार कुणी दिला त्यांना? बाकी शाल आणि चाकं गेली खड्ड्यात."

"पण दादा, नवा शेवट अगदीच टाकाऊ आहे असंही नाही, म्हणजे नसावा," मास्तर म्हणाले. "पोरीने जन्मभर बापापायी काठाला बांधून घ्यायचं, हे तुम्हाला पटतं?"

"सिनेमात ती आपल्या मर्जीने परत येते!"

"मर्जीने? बाप काठावरून हाका मारमारून घसा बसवतो, त्याला मर्जी म्हणतात होय!"

धाकटी एकेकाकडे बघत राहिली. ही माणसं न पाहिलेल्या नाटकावर भांडत नव्हती. एकट्या दादावर संशय घेऊन ती बसली होती, आणि इथे काचेवरची प्रत्येकच पेशी वेगळी दिसत होती. हे सगळे मिळून गेले असतील? तिला वगळून? शनिवारी तिच्याच हातचा चहा पिऊन, तिच्याच तोंडावर?

तिने कप खाली ठेवला. "भांडण पुरे. आधी गाणं म्हणू या. कितीतरी दिवसांत एकत्र म्हटलं नाही."

"वा, भिंगताई!" मास्तर खूश झाले. तिला ते याच नावाने हाक मारायचे. "हे बेस केलंत. आपलं अस्सल गाणं. घ्या सूर."

मावशीने सूर धरला. पहिलं कडवं झालं. दादाने डोळे मिटले होते. मग ती ओळ आली. 'वल्ह्यामागुन वल्हे गेले, काठ तरीही', आणि खोली एकदम मोकळी झाली. तिघांनी एकाच क्षणी, एकाच जागी, शिस्तीत श्वास घेतला. त्या फटीत धाकटीचा एकटीचा आवाज 'दूर'पर्यंत पोचलाही होता. तो तिचा तिलाच परका वाटला.

पुढचं कुणी गायलं नाही. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"तिथे पायऱ्या आहेत ना," धाकटी म्हणाली. "धक्क्याच्या. म्हणून श्वास घ्यावा लागतो तिला. तुम्ही तर खुर्चीत बसला आहात."

"मी फक्त शाल बघायला गेले होते गं," मावशी रडकुंडीला आली. "देवाशपथ. एकदाच. मग जरीचं नीट दिसलं नव्हतं म्हणून परत."

"आणि मी मध्यंतरात खांबामागे लपलो, तर तिथे ह्या आधीच लपलेल्या," मास्तर म्हणाले. "मग काय, दोघांनी मिळून भजी... म्हणजे, गप्प बसायचं ठरवलं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू इतकी पक्की, अगं. तुझ्यासमोर बोलायची छाती कुणाची?"

"आणि दादा?"

मास्तर आणि मावशी दोघांनी दादाकडे असं पाहिलं, की त्यांना त्याचं खरंच ठाऊक नव्हतं हे धाकटीला दिसलं. मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं होतं. "दादा, तुम्ही? एकटे? त्या गर्दीत?"

"तो एकटा जातो," धाकटी म्हणाली. "रस्ताही ओलांडतो. टेम्पो थांबवतो हात दाखवून. गुरुवारी पाहिलं मी."

दादाने मान खाली घातली. तो नखाने खुर्चीच्या हाताचा रंग खरवडू लागला.

"कधीपासून जमतंय तुला बाहेर जायला?"

"पावसाळ्याआधीपासून. आधी कोपऱ्यापर्यंत. मग पुलापर्यंत. नाटक लागलं तेव्हा म्हटलं, जाऊन बघू, पुरावा गोळा करू, मग चांगलं फाडता येईल. आत गेलो. बसलो. काही झालं नाही मला."

"मग सांगितलं का नाहीस? मी रोज धावतपळत घरी येतेय. भाजी, औषधं, तुझी मुद्रितं पोचवणं. सांगितलं का नाहीस, दादा?"

"तुला कळलं असतं की मी एकटा फिरू शकतो," दादा म्हणाला, "तर तू गेली असतीस."

मावशी उठून कप गोळा करू लागली. मास्तरांनी तिला हाताने खाली बसवलं.

"बाईंचे फोन मला ऐकू येत नाहीत असं वाटतं तुला?" दादा म्हणाला. "एवढंसं घर आपलं. दर वेळी तू 'दादाचं बघते' म्हणायचीस, आणि दर वेळी मला बरं वाटायचं. लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं. नाटकात शेवटी ती जाते गं. नाव फिरवत नाही. बाप काठावर उभा असतो. दर वेळी वाटतं, आता हाक मारेल हा. मारत नाही. वल्हं टेकवून नुसता उभा राहतो पडदा पडेपर्यंत. मी तेवढ्यासाठी जातो. मला जमेल का ते बघायला."

त्याचा आवाज चिरकला होता. धाकटीला गलबलून आलं, आणि त्याच क्षणी मनात आलं: हे नाटकातलंच एखादं वाक्य तर नसेल? इतके महिने तोंडावर साधेपणा ठेवून खोटं बोललेला माणूस आज खरं बोलतोय कशावरून? ही हाकच असेल, जरा वेगळ्या सुरातली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. खरं आणि खोटं दोन्ही तिथे होतं, आणि ते वेगळं करता येत नव्हतं.

मग तिची नजर स्वतःकडे वळली, आणि तीही तितकीच संशयी होती. त्याने कधी 'थांब' म्हटलं होतं? एकदाही नाही. वर्षभर बाईंना सांगायला तिला एक कारण हवं होतं, आणि ते घरात आयतं बसलेलं होतं. त्याच्या बुटांच्या टाचा काही आज झिजल्या नव्हत्या. तिने ते बूट या आठवड्याआधी कधी उचलून बघितले नव्हते.

"जमलं का मग?" तिने विचारलं.

"नाही अजून," दादा म्हणाला. "अजून एकदा जाऊन..."

"जा. पण तोवर मी थांबणार नाही." तिने हात मांडीवर एकमेकांत अडकवले. मावशी आणि मास्तर श्वास रोखून बघत होते. "मी बाईंना होकार देतेय, दादा. महिनाअखेरीला मी जाणार."