माया नसलेलं पोलाद

मी पायाचा कॅलिपर बोलतोय. दोन पोलादी पट्ट्या, गुडघ्यापाशी बिजागरी आणि बसताना उघडायची एक कडी, एवढाच मी. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात मला घडवलं ते सात वर्षांच्या एका मुलीच्या अधू डाव्या पायाला आधार म्हणून.

माप तिच्या बापानं घेतलं. तो शिंपी. कपडा पुढे उसवून वाढवता यावा म्हणून तो शिवणीच्या आत थोडं कापड जास्त सोडतो. त्याला शिंपी लोक माया म्हणतात. पोलादात माया सोडायची सोय नसते. पायाला आवळायचे चामड्याचे पट्टे मात्र त्यानं कारखान्याला लावू दिले नाहीत. लेकीच्या अंगाला लागणारं आपणच शिवायचं, ही त्याची हौस. त्या हौसेनंच घात केला.

बंदरावर जकातीच्या साहेबांनी मला खोक्यातून काढलं, उलटंपालटं केलं आणि लोहचुंबक लावून पाहिलं. ते चटकन चिकटलं.

"पोलाद," साहेब म्हणाले.

"साहेब, माझ्या मुलीचा पाय आहे तो."

"अहो, पट्टा नाही, बूट नाही. पाय कशावरून म्हणू? हे 'पोलादाच्या इतर वस्तूं'त जाईल. त्याला दर्जाचा दाखला लागतो. आणलाय?"

"नाही. हवा तर जास्तीचा कर घ्या, पण सोडा. पोरगी भिंत धरून चालते हो."

"जकातीच्या यादीतल्या चुकीच्या क्रमांकाखाली कर घेतला तर माझ्या गळ्याशी येईल. वर पाठवतो."

साहेब वाईट नव्हते. शिंप्याला त्यांनी खुर्ची दिली, चहा पाजला. मला फडताळात टाकलं.

तिथे नळाच्या तोट्या होत्या, दारांचे कोयंडे होते. त्यांना आपापले क्रमांक मिळाले, ते सुटले. मी कोण ते काही ठरेना. एका टेबलावर मी उपचाराचं साधन, दुसऱ्यावर नुसती बिजागरी. चांगली शिकलीसवरलेली माणसं माझ्यावरून हमरीतुमरीवर यायची. त्या मुलीला बोलावून मला तिच्या पायाला लावून बघावं, हे एकालाही सुचलं नाही. मला फार संताप यायचा.

वर्ष उलटल्यावर निकाल लागला. मी अपंगांचं साधन ठरलो, कर माफ झाला. साहेबांनी स्वतः फोन करून शिंप्याचं अभिनंदन केलं.

घरी पट्टे केव्हाचे शिवून तयार होते, आतून मऊ कापड लावलेले. मुलगी पलंगावर बसली. बापानं मला तिच्या पायाशी धरलं. माझी बिजागरी गुडघ्याखाली, नडगीवर आली.

"बाबा, हा छोटा झाला?"

"नाही गं. तू मोठी झालीस," बाप म्हणाला. ही गोष्ट बापानं आनंदानं सांगायची असते. त्यानं पट्टे गुंडाळून ठेवले.

ती अजून भिंत धरूनच चालते. मी आता दुकानात असतो. कापड बेतताना सरकू नये म्हणून शिंपी मला त्यावर ठेवतो.

साहेब, एकदा या इकडे. येताना लोहचुंबक आणा आणि खुशाल लिहा, पोलादाच्या इतर वस्तू. तेव्हा तुमचं चुकलं होतं. आता बरोबर आहे.