पाचवीचं वर्ष, घरच्या घरी

जून लागायच्या आदल्या आठवड्यात गुरुप्रसादनं जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून एकमेकांना चिकटवली आणि तो भलामोठा कागद पडवीच्या भिंतीवर लावला. पट्टीनं त्यावर रेघा मारल्या. प्रत्येक गोष्टीच्या पुस्तकाला एक रकाना. त्या पुस्तकातूनच भूगोल, त्यातूनच गणित, त्यातूनच विज्ञान. मराठी तर होतंच.

"आणि इंग्रजी?" त्याच्या बायकोनं, नम्रतानं विचारलं. ती चिपळूणला एका दवाखान्यात नर्स होती. सकाळच्या एसटीनं जायची ती दिवेलागणीला परतायची.

"इंग्रजी तुझ्याकडे. रविवारी."

"रविवारी मला झोपायचं असतं," ती म्हणाली, पण पेन घेऊन तिनं त्या चौकटीत स्वतःचं नाव लिहिलं.

मुंबईतल्या एका प्रकाशकाकडे पंधरा वर्षं मुद्रितं तपासून गुरुप्रसाद गुहागर तालुक्यातल्या आपल्या गावी परत आला होता. वडिलांमागं नारळ-सुपारीची वाडी बघायला कुणी नव्हतं. प्रकाशकाचं काम आता संगणकावर येई, ते तो घरूनच करी. मुलांना घरी शिकवायचं मात्र त्याच्या मनात कधीच नव्हतं. ते थोरल्या मुलीमुळं, तेजस्वीमुळं झालं.

गावातल्या शाळेत चारच मुलं उरली, म्हणून ती शाळा शेजारच्या गावातल्या मोठ्या शाळेला जोडली गेली. तेजस्वी तेव्हा चौथीत होती. ती सावकाश वाचायची. चार मुलांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नव्या वर्गात चाळीस मुलं होती. एकदा बाईंनी तिला धडा वाचायला उभं केलं. पुस्तक उघडून ती तास संपेपर्यंत नुसती उभी राहिली. बाई रागावल्या नाहीत, पण मागच्या बाकांवर हसू फुटलं. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या गाडीचा हॉर्न वाजला की तिच्या पोटात दुखायचं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "पोटात काही नाही हो."

म्हणून पाचवी घरी करायची ठरली. परीक्षा मुक्त विद्यालयाची द्यायची. सात वर्षांच्या वरदनं लगेच सांगून टाकलं, "ताई जाणार नसेल तर मीपण नाही." मग रकाने दोघांसाठी आखले गेले.

पहिलं पुस्तक गुरुप्रसादच्या आवडीचं होतं. एका खाडीत तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवणाऱ्या मुलीची कादंबरी. तिचा बाप समुद्रावर गेलेला असतो आणि ती एकटी लोकांना या काठावरून त्या काठावर सोडत असते. त्या गोष्टीनं पावसाळा छान गेला. पंधरा दिवस मुलं जेटीवर जाऊन भरतीची वेळ वहीत लिहीत होती. भरती रोज पाऊणएक तास उशिरा येते हे वरदनं स्वतः शोधून काढलं आणि दिसेल त्याला थांबवून सांगितलं. तेजस्वीनं खाडीचा नकाशा काढला. त्यात तिनं बगळे बसायची जागासुद्धा दाखवली.

अडलं ते वाचन. रोज सकाळी अर्धा तास मोठ्यानं वाचायचं असं तक्त्यावर होतं. तेजस्वी वाचायला लागायची. बाबांचं बोट ओळीखालून सरकत असायचं.

"थांब. 'आवाज' नाही, 'आवेग'. परत."

ती परत वाचायची.

"थांब. काना राहिला."

पंधरा वर्षांची सवय होती, त्याला ती सुटत नव्हती. गणपतीपर्यंत तिचा आवाज पुटपुटण्याएवढा झाला. दसऱ्यानंतर ती म्हणायला लागली, "बाबा, आज वरदला वाचू दे ना." तक्त्यावरची वाचनाची चौकट कोरी राहू लागली. पुढची पुस्तकं कपाटात थांबून होती.

"गोष्ट सगळी कळते तिला," गुरुप्रसाद नम्रताला म्हणाला. "प्रश्नसुद्धा असे विचारते की मला सुचत नाहीत. पण वाचत नाही. माझंच काहीतरी चुकतंय."

नम्रता चपात्या लाटत होती. "वाचताना ती अक्षरांकडे बघतच नाही," ती म्हणाली. "तुमचं बोट कुठं थांबतंय तेवढंच बघते."

दुसऱ्या दिवशी त्यानं हात मागं बांधून घेतले, पण 'थांब' तोंडून गेलंच.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी त्याला तरीवाल्या मुलीचं ते पुस्तक कुठं दिसेना. शोधत तो वाडीच्या टोकापर्यंत गेला आणि कुंपणाच्या दगडी गडग्याशी आल्यावर त्याला तेजस्वीचा आवाज ऐकू आला. स्वच्छ, मोठा आवाज.

गडग्यापलीकडे मथुराकाकीचं घर. तिचा नवरा काशीराम मासेमारीच्या लाँचवर होता. नऊ वर्षांपूर्वी लाँच परत आली नाही. मुलगी लग्न होऊन दापोलीला, त्यामुळं ती एकटीच राहायची आणि लोकांची सुपारी सोलून द्यायची. आताही ती अंगणात ढिगापाशी बसली होती. समोर मांडीवर पुस्तक घेऊन तेजस्वी, आणि सालांच्या राशीवर वरद.

"मंग गो? वादळ गेला?" मथुराकाकी विचारत होती.

"थांबा काकी, वाचते ना."

गुरुप्रसाद दगडांआड खाली वाकला. ती अडखळत होती. एक शब्द चुकली, मग दुसरा. 'क्षितिज' आलं तिथं ती क्षणभर घुटमळली आणि 'आभाळाची कड' म्हणून पुढं गेली. सात चुका त्यानं मोजल्या. आठवी मोजायची राहिली, कारण ती आता पुस्तकात नसलेलंच वाचत होती.

पुस्तकातला बाप परत येत नाही. त्या पानावर पलीकडच्या काठावर माणसं तो गेल्याचा निरोप सांगायला उभी असतात आणि मुलगी आपली तर घेऊन त्यांना आणायला जाते. तेजस्वी वाचत होती, "आणि काठावर तिचे बाबा उभे होते. दाढी वाढली होती. पण तेच होते."

"बरा झाला," मथुराकाकी म्हणाली आणि सुपारी सोलू लागली.

गुरुप्रसाद तसाच वाकून घरी आला. संगणक लावला, पण काम झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मथुराकाकीनं त्याला गडग्यावरूनच हाक मारली. "गुरू, काल इथं लपून कोन बसला होता? टक्कल दिसला मला."

तो ओशाळून हसला. "वहिनी, पोरगी वाचत होती, म्हणून..."

"वाचते चांगली. पन त्या पानाशी आली नि माझ्याकडं बघितलान. मंग वाचलान." तिनं गडग्यावर हात टेकले. "मला काय समजत नाय? बाप आला तर मंग पुढं येवढी पानं कशाला लिवलीत? मला खरा काय ता ऐकायचाय. तू सांगू नको हां. तिच्याच तोंडून."

नाश्ता झाल्यावर तो तेजस्वीजवळ जाऊन बसला. "काकींना ते पान खरं खरं ऐकायचंय," तो म्हणाला.

तिचे कान लाल झाले. "तुम्ही ऐकलंत? ती चूक धरणार?"

"नाही. ती चूक नव्हती."

"पण मग त्या रडतील."

"रडतील कदाचित."

"मग मी काय करू?"

"वाचायचं थांबव. त्या म्हणतील तेव्हा पुढं वाच."

ती बराच वेळ फ्रॉकची दोरी बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "तुम्हीपण या. पण बोलायचं नाही. एकसुद्धा शब्द."

दुपारी चौघं अंगणात बसले. गुरुप्रसादनं सुपारी सोलायला घेतली. ते काम त्याला नीट येत नसे, पण हात गुंतले की तोंड गप्प राहील असं त्याला वाटलं. तेजस्वीनं पान उघडलं. एका पानाला तिला दहा मिनिटं लागली. जोडाक्षरांपाशी ती अडायची, मागं जायची, पुन्हा धरायची. एकदा तिनं बाबांकडे पाहिलं. तो सालाशी झटत होता. ती पुढं गेली. माणसांनी निरोप सांगितला. मुलीनं तो ऐकला, त्यांना तरीत बसवलं आणि वल्हं हातात घेतलं. पान संपलं.

मथुराकाकी रडली नाही. हातातली सुपारी तिनं खाली ठेवली. "बराबर केलान त्या पोरीनं," ती म्हणाली. "तर बांधून ठेवून कसा चालेल? लोकांना पलीकडं जायाचा असतो." मग म्हणाली, "परत वाच."

दुसऱ्यांदा तेजस्वीला निम्मा वेळ लागला.

"काकी, काशीरामकाका पण असेच गेले ना?" वरदनं विचारलं. गुरुप्रसादनं चमकून वर पाहिलं, पण मथुराकाकी सांगायला लागली होती. शेवटचा लाँचवर गेला त्या दिवशी त्यानं कुळथाचं पिठलं मागितलं होतं. घरात पीठ नव्हतं. उद्या करते, असं ती म्हणाली होती. जाताना तो दारातून परत फिरला. तिला वाटलं, काही विसरला, तर त्यानं फक्त कोंबडीला वाटेतून बाजूला केलं. शेजारी राहून नऊ वर्षांत गुरुप्रसादनं यातलं काहीच ऐकलं नव्हतं. त्यानं कधी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेजस्वीनं कुणी न सांगता वहीत दीड पान लिहिलं. पिठलं, कोंबडी, दार, सगळं होतं. गुरुप्रसादनं ते दोनदा वाचलं. अकरा चुका होत्या.

"चुका दाखवू का?" त्यानं विचारलं.

"आज नको."

तिसऱ्या दिवशी ती स्वतःच वही घेऊन आली आणि त्याच्या खुर्चीला टेकून उभी राहिली. "आता दाखवा."

तक्त्यावरची सकाळची वाचनाची चौकट त्यानं खोडली आणि 'दुपारी, मथुराकाकींकडे' असं लिहिलं. खोडाखोड इतकी झाली की मार्चपर्यंत तो कागद बघून कुणाला काही कळलं नसतं. चार पुस्तकं ठरली होती, त्यांतली तीन झाली. गणितात भागाकार कच्चा राहिला. तो नम्रतानं रविवारची झोप मोडून पक्का करून घेतला. परीक्षेला तेजस्वी चिपळूणला गेली. बाहेर आल्यावर आईला म्हणाली, "सरांनी उतारा वाचायला सांगितला. मी हळू वाचला. ते थांबले माझ्यासाठी."

"मग? जूनमध्ये शाळेत जायचं का?" नम्रतानं एसटीत विचारलं.

तेजस्वीनं खिडकीतून बाहेर बघत विचार केला. "सहावी घरीच. सातवीला बघू."

नव्या वर्षाचा कागद लावताना मथुराकाकीही पडवीत येऊन बसली. वरदला समुद्री चाच्यांची गोष्ट हवी होती. तेजस्वीला अशी गोष्ट हवी होती जिच्यात कुणाला तरी लिहिता येत नाही आणि तरी तो पत्र पाठवतो.

"तुम्हाला काय हवं, वहिनी?" गुरुप्रसादनं विचारलं.

"म्हातारीची गोष्ट आन येखादी," ती म्हणाली. "पन तिनं कायतरी केला पायजे. नि शेवटी मरायची नाय ती."

पुढच्या सोमवारी तो नम्रताबरोबरच एसटीत बसून चिपळूणच्या वाचनालयात गेला. टेबलाशी बसलेल्या बाईंना त्यानं तिन्ही मागण्या सांगितल्या, शेवटची जरा संकोचूनच. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "किती वर्षांच्या मुलासाठी?"

"साठीच्या आहेत त्या," तो म्हणाला.

बाईंनी हातातलं रजिस्टर मिटलं, खुर्ची मागं सारली आणि त्या स्वतःच उठून कपाटांकडे निघाल्या.