सैल खिळा आणि होबार्टची मिशी

मित्रांनो, मी मेपलची एक जुनी फळी आहे आणि माझ्यामुळे एका भल्या माणसाची मिशी गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवाछपवीचा मोह नको.

आयोवातल्या आमच्या गावात शाळेच्या खेळाच्या हॉलची जमीन उखडली, तेव्हा क्लेम नोव्हॉटनी न्हाव्याने मला उचलून आणलं, तासलं आणि दुकानात आरशाशेजारी बसवलं. माझ्यावर खिळ्यांच्या दोन रांगा, पाच-पाच खिळ्यांच्या. आमच्या गटात बेसबॉलचे संघही पाचच. दर मार्चमध्ये क्लेम आणि त्याचा मित्र होबार्ट, रिटायर्ड पोस्टमन, संघांच्या लाकडी पाट्या आपापल्या रांगेत लावायचे. यंदा पहिला कोण, शेवटचा कोण, ते वरपासून खालपर्यंत. एक लावताना दुसऱ्याने पाठ फिरवायची. मग माझ्यावर दाढीची चादर, ती थेट मोसम संपल्यावर काढायची. आमचा संघ हेरन्स. त्याची जागा सांगताना जो जास्त चुकेल, त्याने हिवाळाभर मिलर्सची टोपी घालायची. मिलर्स म्हणजे हाडवैरी.

"फळी खोटं बोलत नाही," क्लेम गिऱ्हाइकांना सांगायचा. मी फुगून जायचे. पण होबार्टच्या रांगेतला सगळ्यात वरचा खिळा सैल होता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

होबार्ट हेरन्सना कायम तळाला लावायचा. त्याची बायको इर्मा म्हणायची, "एकदा तरी वर लाव रे त्यांना." एका हिवाळ्यात ती गेली. त्या मार्चमध्ये होबार्टने हेरन्सची पाटी सगळ्यात वर लावली आणि तळाला मिलर्स. चादर त्यानेच टाकली.

"यंदा टोपी नको," तो म्हणाला. "हरेल त्याची मिशी."

"विचार कर," क्लेम म्हणाला.

"तुझी काय, दात घासायचा ब्रश आहे. मिशी ही."

खरंच होती. लालसर, भरघोस. दर रविवारी इर्मा ती स्वतः विंचरायची.

एप्रिलमध्ये वाऱ्याने दार आपटलं. माझा तो सैल खिळा हलला. वरची पाटी निसटली, तळाचीही घेऊन गेली आणि दोन्ही फेसाच्या भांड्यात. क्लेम तेव्हा अंत्यविधीवाल्या ऑर्विलची दाढी करत होता. त्याने पाट्या पुसल्या. "होबार्टचा तळ म्हणजे हेरन्स, हे गावातली कुत्रीसुद्धा सांगतील," असं म्हणत चादरीखाली हात घालून हेरन्स तळाला, मिलर्स वर अशा लावल्याही. दाढी संपेपर्यंत विसरलाही.

त्या वर्षी हेरन्स पहिले आले. क्लेमने त्यांना दुसऱ्या जागी लावलं होतं. चादर निघाली तेव्हा दुकान भरलेलं होतं.

"मी वर लावली होती," होबार्ट म्हणाला.

"फळी खोटं बोलत नाही, बाबा."

"म्हणजे मी बोलतो?"

क्लेमने रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. खरं काय ते फक्त मला माहीत होतं. होबार्ट खुर्चीत बसला, मिशी काढून घेतली आणि पुन्हा आला नाही. हिवाळाभर तो आपले केस आपणच कापायचा. काचेपलीकडून जाताना दिसायचा, मेंढीने चरल्यासारखं डोकं घेऊन.

पुढच्या मार्चमध्ये पुन्हा दार आपटलं. या खेपेला गेल्या वर्षीपासून तशाच राहिलेल्या पाट्या ऑर्विलच्या फेसाळ तोंडावरच आदळल्या.

"क्लेम, दरवर्षी तुझ्या पाट्या माझ्याच दाढीत का पडतात?"

"दरवर्षी?" क्लेमचा वस्तरा थांबला. मग तो वस्तऱ्यासकट बाहेर पडला.

अर्ध्या तासाने तो होबार्टला घेऊन आला. ऑर्विल अर्ध्या दाढीवर तसाच बसलेला. क्लेमने त्याला उठवलं आणि खुर्चीत स्वतः बसला. "काढ माझी."

होबार्टने आयुष्यभर पत्रं वाटलेली. मिशीबरोबर डावी भुवईही गेली.

"भुवई पैजेत नव्हती," क्लेम म्हणाला.

"टपालखर्च समज."

त्याच दिवशी त्यांनी माझा खिळा ठोकला. चार घाव. तेवढंच काम होतं ते.

मित्रांनो, घरात कुठे खिळा सैल दिसला तर आजच ठोका. आणि पडलेली वस्तू परत लावताना, ती ज्याची आहे त्याला एकदा विचारा. आमच्यासारख्यांना कबुली देता येत नाही.

होबार्टची मिशी परत आली, पण पांढरी. हिवाळ्यात दर रविवारी तो माझ्याशेजारच्या आरशात बघून ती स्वतः विंचरतो. तेवढा वेळ माझ्यावर चादर असती तर बरं झालं असतं.