नवव्या तबेल्यावरचा कॅमेरा

वर्लिन स्टॅम्पर आमच्या नदीकाठच्या रेसकोर्सवर एकतीस वर्षं घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार होता. नवव्या तबेल्याच्या टोकाला खोगिरं ठेवायची खोली होती, तिथेच तो राहायचा. शेवटची तीन वर्षं टॅन्झी नावाची तांबूस घोडी त्याच्या हाताखाली होती. तिचा पुढचा डावा पाय हळवा होता. रोज पहाटे सरावाआधी वर्लिन तो पाय चाचपून बघायचा, आणि जरा गरम लागला की ट्रेनरशी भांडून तिला थानावरच ठेवायचा.

मे महिन्यात टॅन्झीच्या रक्तात बंदी असलेलं औषध सापडलं, आणि तिची देखभाल वर्लिनकडे म्हणून आळ त्याच्यावर आला. वर्लिनचं म्हणणं असं की, तो जेवायला गेला तेव्हा कुणीतरी आत शिरलं असणार. तबेल्यावर कॅमेरा आहे, बघून घ्या. मी राज्याच्या रेसिंग मंडळात कारकून आहे. रेसकोर्सकडून मला एका ओळीचं उत्तर आलं, चित्रणात संशयास्पद काही आढळलं नाही. मंडळाच्या हुकमाने वर्लिनचा कामाचा परवाना दोन वर्षांसाठी गेला, आणि परवान्याबरोबर ती खोलीही. तो डोंगरातल्या बहिणीकडे राहायला गेला.

बहीण ओनायडा शाळेची बस चालवायची. मंडळाच्या दर महिन्याच्या सभेत लोकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. ती दर वेळी यायची, भावाचं पत्र वाचायची, अध्यक्ष आभार मानायचे. सप्टेंबरमध्ये मात्र ती कागद न घेताच उभी राहिली.

"साहेब, चित्रणात काही दिसलं नाही, की चित्रणच नाही?"

अध्यक्ष म्हणाले, ते प्रकरण मिटलंय.

"कॅमेरे सरकारी पैशातून लागलेत ना? म्हणजे आमच्याच. मग दाखवा मला."

मंडळावर नव्याने आलेल्या घोड्यांच्या डॉक्टर टॅकेटबाई म्हणाल्या की, मलाही बघायचंय.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिडी घेऊन गेलो. अडुसष्ट वर्षांच्या टॅकेटबाई स्वतः वर चढल्या. कॅमेऱ्याच्या मागे वायरच नव्हती. चौदाही तबेल्यांवर तीच गत, नुसती टरफलं. चालू कॅमेरे होते ते पैजा लावायच्या खिडक्यांवर. निधी तबेल्यांसाठी दिलेला होता. रेसकोर्स दरवर्षी कॅमेरे बसवल्याचा दाखला पाठवायचा, आणि आम्ही तो 'काम पूर्ण' असा शेरा मारून फाइलला लावायचो. तो शेरा टाइप करणारी मीच.

आठवड्याभरात वर्लिनवरची बंदी उठली. पत्र टपालानेही गेलं असतं, पण मी घेऊन गेले. तो अंगणात शेंगा सोलत बसला होता. त्याने पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. त्याला नीट समजलं नसावं असं वाटून मी म्हणाले, सोमवारपासून कामावर जाता येईल.

"टॅन्झी गेली," तो म्हणाला. "ऑगस्टमध्ये. वळणावर पाय मोडला. डावाच. तिथेच मरणाचं इंजेक्शन दिलं तिला."

नव्या मोतद्दाराला त्याने फोन करून सांगितलं होतं, रोज पाय चाचपत जा म्हणून. त्या बिचाऱ्याकडे अकरा घोडे. तो हो हो म्हणाला होता.

मग मी त्याला शेऱ्याचं सांगितलं.

"कॅमेरे कधीतरी बघायला गेला होतात?"

"नाही."

त्याने मान हलवली. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. ओनायडाने आत बोलावलं, त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली. मक्याचा पाव आणि घेवड्याची उसळ होती.

रेसकोर्सला दंड झाला, तबेल्यांवर खरे कॅमेरे बसले. औषध कुणी दिलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. वर्लिन परत कामावर गेला नाही. ओनायडा अजून दर सभेला येते, आता जायबंदी घोड्यांची यादी मागते. भाऊ कसा आहे, असं मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने तेच सांगितलं.

"पहाटे चारला उठतो. बूट घालतो. मग बसून राहतो."