पाणी उतरवणारे महाराज

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की एका माळावर दर गुरुवारी जत्रा भरायची, आणि जत्रेतला जो तो आपल्या चपला हातात धरून उभा असायचा. देवळाबाहेर चपला काढणं आपण समजू शकतो. इथं चपलाच दर्शनाला आणायच्या होत्या. जलसिद्ध महाराज सकाळी सुजलेल्या पायाच्या माणसाला चिमूटभर अंगारा चाटवायचे, आणि आठवडाभर पायात न शिरणारी चप्पल दिवस कलायच्या आत सटकन शिरायची. मग घंटा वाजायची, महाराज हात वर करून "उतरलं पाणी!" म्हणायचे आणि लोक लोटांगणं घालायचे.

त्या गुरुवारी प्रेमला माळावर आली ती डोक्यात राख घालूनच. शहरातल्या एका हॉस्पिटलात ती समाजसेविका होती. थकलेल्या हृदयाच्या गोरगरीब रोग्यांना औषधं मिळावीत म्हणून ट्रस्टवाल्यांचे उंबरठे झिजवणं हे तिचं काम. मेंढरं राखणाऱ्या मायाप्पाला तिनं असाच निधी मिळवून दिला होता, आणि हा गडी दोन महिने औषध न्यायला फिरकलाच नव्हता. आणखी एक महिना गेला की त्याचं नाव निधीतून निघणार होतं. नाव गेलं तर गोळ्या जाणार, आणि गोळ्या गेल्या तर मायाप्पा.

तो गुरुवारी या माळावर येतो असं तिला कळलं होतं, आणि तिथंच मायाप्पा तिला लिंबाखाली पोत्याला टेकून बसलेला दिसला. आडवं पडलं की त्याला धाप लागत होती. त्याची बायको मायाक्का मात्र हरखून गेली होती. तिनं नवऱ्याचा पाय उचलून दाखवला. "बगा की बाई, चप्पल कशी बसली! महाराजांनी पाणी उतरवलं."

"आणि आपल्या गोळ्या?"

गोळ्या महाराजांच्या पायाशी ठेवल्या, असं मायाक्कानं मोठ्या भक्तीनं सांगितलं. नेमच होता तसा. "डॉक्टरची गोळी म्हणजे विष. विष पायाशी टाका, मगच अमृत चाटा," असं महाराज प्रत्येकाला सांगायचे. गोळ्या टाकायच्या, वर दक्षिणा ठेवायची आणि मग अंगारा.

प्रेमलाला राग आवरेना. पाणी प्यावं म्हणून ती महाराजांच्या मठाच्या मागं गेली आणि तिथंच थबकली. देवळाला कळस नव्हता, मंडपाला पत्रा नव्हता, पण मागं संडासांची लांबलचक ओळ, गुळगुळीत फरशी घालून झकास बांधलेली. आणि त्यापुढं दर्शनापेक्षा मोठी रांग. सगळे सकाळी अंगारा चाटलेले. देवाच्या आधी संडास बांधणारा पंथ कुठला, असं मनात येताच तिला हसू फुटलं. पाणी कुठं उतरतंय ते तिला कळलं होतं.

परत येऊन तिनं महाराजांपुढं हात जोडले. हा अंगारा धडधाकट माणसाला बाधतो का, असं नम्रपणे विचारलं. महाराज मिशीत हसले. अंगारा सर्वज्ञ आहे, निरोग्याला तो स्पर्शही करत नाही, म्हणाले.

"मग आपणच एक चिमूट घ्या. माझी शंका फिटेल."

महाराजांना एकाएकी व्रत आठवलं. पण मायाक्का भाबडेपणानं उठली. "घ्या की महाराज. बाईंचा इश्वास बसंल." घ्या की, घ्या की, असं चहूकडून सुरू झालं. आता माघार घ्यावी तर अब्रू जाते. महाराजांनी चिमूट चाटली आणि प्रवचनाला बसले. विषय होता संयम.

थोड्या वेळानं त्यांनी मांडी बदलली. मग परत बदलली. मग श्लोक अर्ध्यावर टाकून, कफनी सावरत ते मागं धावले. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना अडवलं. "मागनं या की महाराज. आमी बी अंगाराच चाटलाय." माळावर हशा पिकला.

शिष्य बिरुदेव घाबरून घडाघडा बोलला. आतल्या खोलीत खलबत्ता होता, राख होती आणि गोळ्यांच्या पाकिटांचा ढीग. पाकिटांवर निधीचा निळा शिक्का. महाराज पूर्वी मेडिकलच्या दुकानात नोकरीला होते. भक्तांनी टाकलेल्या गोळ्यांतून लघवीची गोळी तेवढी निवडायची, कुटून राखेत मिसळायची, बाकीच्या उकिरड्यावर. फुकट मिळालेलं औषध भक्त दक्षिणा मोजून परत घेत होते.

प्रेमला लोकांपुढं उभी राहिली. "हृदय हा पंप आहे. तो थकला की पायात पाणी साठतं. लघवीची गोळी साठलेलं पाणी लघवीवाटे काढते, बाकीच्या गोळ्या पंपाला सांभाळतात. त्या तुम्ही इथं टाकल्यात आणि महाराजांनी उकिरड्यावर घातल्या. आणि ही लघवीची गोळीसुद्धा डॉक्टरला न विचारता घ्यायची नाही. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एकदा मागं जाऊन बघा."

मायाक्का ढिगापाशी बसली होती. निळ्या शिक्क्याचं एक पाकीट तिच्या हातात होतं. नाव अजून निघालं नाही ना, एवढंच तिनं विचारलं. नाही, आजच चला, प्रेमला म्हणाली. मायाक्कानं नवऱ्याला आधार देऊन उठवलं आणि रिक्षाकडं नेता नेता तिला रडू फुटलं.

"चप्पल पायात गेली म्हणून मी खूश झाले, बाई. श्वास आत जातोय का, त्ये बगितलंच न्हाय."