पाऊण किलो घाम

आमच्या घरात म्हैस एक होती आणि पैलवान दोन. माझा देविदास आणि माझी धाकटी जाऊ पारुबाई हिचा कुलदीप. दूध दोघांना सारखं, असा सासऱ्यांचा दंडक. धार तेच काढायचे आणि पितळेचे दोन पेले काठोकाठ भरून ओट्यावर ठेवायचे. एक पेला देविदास तालमीतून घामेजून आला की उभ्या उभ्या पिऊन टाकी. दुसऱ्यावर ताटली झाकावी लागे, कारण कुलदीप अजून झोपलेला असे.

ती ताटली मीच झाकायची. आणि आदळूनच झाकायची.

सटवाजी वस्तादांची तालीम शिरड शहापूरला होती, आमच्या तांड्यावरून पायी जाण्याजोगी. हौद्यातली माती खोदायचं काम देविदासनं आपणहून अंगावर घेतलं होतं. कुस्तीची माती रोज खणून भुसभुशीत करावी लागते, तिच्यात ताक, तेल, हळद मुरवावी लागते, तेव्हा पडल्यावर ती अंगाला लागत नाही. ताक माझ्या घरचं जायचं. बाईमाणसानं तालमीत पाय ठेवायचा नाही, म्हणून मी चरवी बाहेर चिंचेखाली ठेवून मागं फिरायची. कुदळीचे घट्टे माझ्या लेकराच्या हाताला, ताक माझं, आणि त्या मऊ मातीत उन्हं वर आल्यावर लोळायला कोण, तर कुलदीप.

पण त्याचं अंगच निराळं होतं. वस्ताद देविदासला ढाक शिकवत होते. समोरच्याची मान काखेत धरून त्याला कमरेवरून फेकायचा तो डाव. देविदासनं एक अख्खा हिवाळा त्यात घालवला. कुलदीप कडेला बसून हरभऱ्याचे घाटे खात बघत होता. एक दिवस हात झटकून उठला, हौद्यात उतरला आणि आपल्याहून थोराड गड्याला तीच ढाक मारून आला. वस्ताद म्हणाले, हे पोरगं पोटातूनच शिकून आलं. ही गोष्ट पारुबाईनं हापशावर, बाजारात, जिथं चार बाया दिसतील तिथं सांगितली. माझ्याकडे बघून वरून म्हणायची, "जाऊबाई, तुमचा देवा लई मेहनती बगा. आमच्याला तेवढी तकलीफच न्हाई पडत."

जत्रेतल्या फडातही तेच. कुलदीपची कुस्ती लागली की माणसं झाडावर चढायची. हात मिळाला न मिळाला तोच समोरचा आभाळाकडे बघत पडलेला. देविदासही जिंकायचा, पण समोरच्याचा दम संपवून. मातीत घड्याळ नसतं, पाठ टेकेपर्यंत कुस्ती चालते. त्यामुळे त्याची जोड लागली की लोक म्हणायचे, चला, तोवर चहा पिऊन येऊ. हे मला माझ्या नवऱ्यानंच हसत हसत सांगितलं होतं. त्या दिवशी मी त्याला चहा दिला नाही.

या दोघांमध्ये खरा कोण, हे मात्र ठरतच नव्हतं. एका तालमीची पोरं फडात एकमेकांपुढं उभी करायची नाहीत, ही आमच्याकडची रीत. पंच जोड लावताना आधी वस्तादाचं नाव विचारत आणि दोघांना बाजूला करत. तालमीत खेळायचे ते सरावाचं, त्यात कोणी कोणाला खरं पाडत नाही. ते एकदाचं ठरावं, असं मला फार वाटे.

पुढं परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. राज्याच्या स्पर्धेला आता आपला वेगळा संघ जाणार, एका वजनाला एक पैलवान, असं कळलं. देविदास आणि कुलदीप एकाच वजनात येत होते. ही गादीवरची कुस्ती, इथं तालमीची रीत चालत नाही, असं वस्तादांनी सांगितलं. जो राज्याला खेळून येईल त्याचं पोलिसात काम होईल, असं सगळे म्हणत होते. सासरे म्हणाले, कोणीही गेला तरी आपल्याच घरचा. मला तसं वाटत नव्हतं, आणि पारुबाईलाही नाही.

निवड हिंगोलीतल्या एका मंगल कार्यालयात होती. तिथं बायांना मज्जाव नव्हता, म्हणून आम्ही दोघी जावा भाकरीचं गाठोडं घेऊन जीपनं गेलो. आपल्या पोराची कुस्ती दोघींनीही कधी पाहिली नव्हती.

आदल्या दिवशी तांड्यात एकाचा साखरपुडा होता. बकरं पडलं होतं. देविदास दूध-भाकरीवर राहिला, कुलदीप पंगतीत शेवटपर्यंत बसला. फडात जोड नजरेनं लागायची, दंड चाचपून. काट्यावर उभं राहायचं हे पोरांना नवीनच होतं. सकाळी कुलदीप काट्यावर चढला आणि पाऊण किलो जास्त भरला. काटा बंद होईपर्यंत उतरवा, नाहीतर बाद, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. त्या वजनात तिसरा कोणी नव्हताच.

मी पदर तोंडाला लावला. पारुबाईला वाटलं असेल मला वाईट वाटलं.

कुलदीप पायरीवर बसला आणि हसून म्हणाला, जाऊ दे देवा, तूच जा. पळणं त्याला ठाऊकच नव्हतं. देविदासनं वस्तादांची घोंगडी घेतली, घाम निघावा म्हणून कुलदीपला तिच्यात गुंडाळलं, मनगट धरून उठवलं आणि नरसीच्या रस्त्याकडे ओढत निघाला. मी फाटकापर्यंत मागं धावले.

"काहून रे? त्याचं तो बघंल. तू निवांत बस."

तो थांबला. कुलदीपला ऐकू जाणार नाही एवढं जवळ येऊन, तांड्याच्या बोलीत आईला हाक मारत म्हणाला, "याडी, ह्याच्यासंगं कुस्ती धरायला मला पुन्हा कोन देईल?"

ते वळणापलीकडे गेले, परत दिसले, परत गेले. कुलदीप पुलाच्या कठड्याला टेकायचा आणि देविदास त्याला काखेत हात घालून पुढं काढायचा. पळत दोघंही होते, पण धाप एकालाच लागली होती. काटा बंद व्हायच्या जरा आधी कुलदीप पुन्हा त्याच्यावर उभा राहिला, आणि या वेळी बरोबर भरला. पारुबाईनं गाठोडं सोडून भाकरी मोडली, अर्धी माझ्या हातात दिली.  मी ती पदराला बांधून ठेवली.

दुपारी दोघं गादीवर आले. शिट्टी वाजली आणि मी डोळ्यांनी पाहिली ती ढाक, जिचं नाव इतकी वर्षं ऐकत होते. कुलदीप नुसता वळल्यासारखा झाला आणि माझा देविदास त्याच्या कमरेवरून गेला. पाठ टेकू दिली नाही त्यानं, पण गुण गेले. काय सांगू, ते बघायला फार सुंदर होतं. नाचणाऱ्याचा पाय पडावा तसं. आपल्या पोराला उचलून फेकलेलं सुंदर दिसावं, याचाच मला जास्त राग आला.

मग हळूहळू कुलदीपचे पाय जड झाले. देविदास पुढं सरकत राहिला, खांद्यानं रेटत, मनगट सोडवत. एक गुण घेतला. पुन्हा एक. कुलदीपच्या मांड्या थरथरताना मला कोपऱ्यातून दिसत होत्या. पारुबाईनं माझा दंड धरला होता, तिला भान नव्हतं. बरोबरी साधायला देविदासला आणखी एकच गुण हवा होता. त्यानं कुलदीपची कंबर धरली, त्याला गादीवरून वर उचलला, आणि शिट्टी वाजली. वेळ संपला होता.

कुलदीप एका गुणानं जिंकला. माती असती तर शिट्टी कुठली?

परतीच्या जीपमध्ये देविदास चवीनं भाकरी खात होता. मी म्हटलं, सकाळी गप बसला असतास तर आज तू गेला असतास.

"गेलो असतो, याडी. पन मग हे कळलं नसतं."

"काय कळलं?"

"त्याच्यात किती हाय, आन् माझ्यात किती."

त्याचं तेवढ्यावर भागलं. माझं भागलं नाही. कुलदीप राज्याला जाऊन दुसऱ्याच फेरीत हरून आला, तरी पुढं पोलिसात लागला, हिंगोलीला राहू लागला, पट्ट्यावर पोट आलं. देविदास शेती करतो आणि वस्तादांमागं तालीम सांभाळतो. माती अजून स्वतःच खोदतो. दर वर्षी जत्रेत लोक कुलदीपच्या ढाकेचीच आठवण काढतात.

सासरे गेले त्या वर्षीच्या दिवाळीला कुलदीप बायको-लेकरांना घेऊन तांड्यावर आला. मी त्याला जुन्याच पितळी पेल्यात दूध दिलं. ओट्यावर सगळे होते, पारुबाई होती, पोरांचे बाप होते. काही विषय नसताना तो म्हणाला, "मोठी याडी, त्या दिवशी शिट्टी वाजली नसती तं मी पडलो असतो. पायच उरले न्हवते. राज्याला जायची ती जागा ह्या देवाची होती."

पारुबाई खाली बघू लागली. देविदास हसून म्हणाला, दूध गार होऊन राहिलं, पी.

हे शब्द ऐकायला मी किती वर्षं थांबले होते. आणि ऐकले तेव्हा जाणवलं, डोळे मिटले की ती ढाक मला अजून दिसते, पण त्या पोराच्या तोंडावर मी तिचं कधी कौतुक केलं नाही. ते माझ्या जिभेवर येतच नाही. त्याला बघा, ओठाला दूध लागलेलं, चार माणसांत बसून सहज बोलून गेला. त्यासाठी त्याला कुठं पळावं लागलं नाही, काही खोदावं लागलं नाही. हेसुद्धा तो पोटातूनच घेऊन आला होता.

त्यानं रिकामा पेला पुढं केला. आता घरात दूध मीच वाटते. मी त्याचा पेला पुन्हा काठोकाठ भरला, वरची साय चमच्यानं अलगद काढली आणि देविदासच्या पेल्यात टाकली.