कापसाच्या डॉक्टरसाहेबास

भगवानरावांनी कपाटाला पाठ लावली आणि म्हणाले, "ह्याच्यात काही न्हाई, मॅडम. जुनी रद्दी हाय."

"मग रद्दीला कुलूप कशाला?" सुनेत्रा मॅडमनी हात पुढे केला. "किल्ली द्या."

मॅडम कृषी विद्यापीठाच्या नव्या सहायक कुलसचिव. आल्या आल्या टपालाची व्यवस्था बदलायचं त्यांनी मनावर घेतलं, आणि खोटं कशाला बोला, कुणीतरी घ्यायलाच हवं होतं. बारा विभागांचं टपाल एकाच टेबलावर पडायचं. प्रत्येक पत्र टपाल कारकून भगवानरावांनी फोडायचं, नंबर घालायचा, आवक वहीत चढवायचं, मग वर सहीला पाठवायचं. बोंडअळीनं गांजलेल्याचं पत्र कापूस विभागात पोचेपर्यंत वेचणी उरकलेली असायची. आता सोमवारपासून भिंतीला बारा खण, ज्याचं त्याला त्याच दिवशी. भगवानरावांना ते हवंच होतं. पण खण बसवायला कपाट हलवावं लागणार होतं, आणि तिथंच त्यांना घाम फुटला. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

कुलूप निघालं. आत सुतळीनं बांधलेले पोस्टकार्डांचे गठ्ठे, १९८१पासून ८७पर्यंत वर्षवार लावलेले. मॅडमनी वरचं कार्ड उचललं. 'कापसाच्या डॉक्टरसाहेबास, परभणी.' एवढाच पत्ता. लिहिणारा पेडगावचा मुंजाजी नावाचा शेतकरी. कार्डाला टाचणीनं उत्तराची नक्कल जोडलेली. सहीच्या जागी 'कापसाचा डॉक्टर'. अक्षर भगवानरावांचं.

"हे काय आहे?"

"विभागाचं नाव नसलं तर नंबर देता येत न्हाई, मॅडम. परत पाठवा, असा नियम हाय. पण तो माणूस तिकडं वाट बघायलाय. मग मीच..."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"मॅट्रिक."

"चुकीचं औषध सांगितलं असतं तर? उभं पीक जळालं असतं, भगवानराव!"

हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच! म्हणून तर दुपारच्या चहाला ते कापूस विभागाच्या डॉक्टर अप्पारावांना गाठायचे. कधी थोरल्या, कधी धाकट्या साळ्याच्या शेतात असं असं झालंय, काय फवारावं? उत्तर ऐकलं की लगोलग येऊन लिहून काढायचे. तेही त्यांनी मॅडमना सांगून टाकलं. लपवून लपवून जीव मेटाकुटीला आला होता.

मॅडमनी अप्पारावांना बोलावून घेतलं. चष्मा लावून ते तासभर एकेक नक्कल वाचत बसले. भगवानराव भिंतीला टेकून उभे. सगळी उमर टपालात गेली आणि शेवटी निलंबनाचा कागद घेऊन घरी जायचं, या विचारानं त्यांना रडूच यायला लागलं.

"यातली चुकीची किती?" मॅडमनी विचारलं.

"एकही नाही. चुकतील कशी? मीच सांगितलंय सगळं. मी सांगायचं, ह्यांनी लिहायचं. तसं ठरलंच होतं आमचं."

भगवानरावांनी चमकून पाहिलं. असलं काहीच ठरलं नव्हतं.

मॅडम अप्पारावांकडे वळल्या. "लेखी कळवायला हवं होतं तुम्ही," त्या म्हणाल्या. "बरं. तेरावा खण करा, अपुऱ्या पत्त्यांचा. उत्तर हे लिहितील, सही तुमची."

त्या गेल्या, आणि भगवानराव मटकन खुर्चीत बसले. छातीवरचा धोंडा उतरला होता.

"साहेब, तुमाला कधीपासून माहीत हाय?"

"पहिल्या साळ्यापासून."

"म्हंजे?"

"आपली घरं शेजारी आहेत, भगवानराव. दर भाऊबीजेला लीलावहिनी तुमच्या अंगणात उभ्या राहून चंद्राला ओवाळतात. भाऊ असता तर चंद्राला ओवाळलं असतं का?"

भगवानरावांना हसू फुटलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. अप्पारावांनी खुर्ची जवळ ओढली आणि त्या दिवशीच्या टपालातलं एक कार्ड त्यांच्या हातात दिलं.

"चला, वाचा. आज कुठल्या साळ्याचं आहे?"